सीख कोणत्या गावची?

खुलताबादच्या उर्सात आमचं घर म्हणजे मुसाफिरखाना होतो. दौलताबादहून घाट चढला की खुलताबाद, म्हणून हैदराबादचे दुल्हेभाई, मुंबईचा मामेभाई आणि आणखी दोन-चार नातेवाईक हमखास मुक्कामाला आमच्याकडे. दर्ग्यावर हजेरी होते, आणि रात्री दस्तरखान उचललं की दरवर्षीचा खटला पुन्हा उभा राहतो: कबाब कोणत्या शहराचे? माझी वकिली औरंगाबादची. (शाळेच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर लिहितो, भूक लागली की जुनंच नाव तोंडात येतं.)

आधी नियम. निखाऱ्यावर भाजलेलं तेवढंच मोजायचं. म्हणजे आमचा नान खलिया बाद. तो देगेत शिजतो आणि त्याच्यावर वेगळा लेख लागेल. लखनौही बाद. टुंडे कबाबी १९०५पासून चालतं, नाव मोठं, पण गलौटी भाजली जाते तव्यावर. राहिली दिल्ली. दिल्लीचा तोरा आमच्या गावात कुणी दाखवू नये. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये राजधानी इथे हलवली तेव्हा उमराव आले, आलिम आले. ते काय बावर्ची मागे ठेवून आले असतील? इब्न बतूताने त्या काळच्या शाही मेजवानीचं वर्णन करताना भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे आणि सामोसे नोंदवलेत. तोच माणूस नंदुरबारकडे गेला तेव्हा तिथल्या उच्चवर्णीय मराठ्यांचं जेवणही त्याने लिहिलं: भात, भाज्या, तिळाचं तेल. दोन्ही ताटं त्याने कुरकुर न करता नोंदवली.

दुल्हेभाईंचं हत्यार म्हणजे पत्थर का गोश्त. ग्रॅनाइटची लादी निखाऱ्यांवर तापवायची आणि तिच्यावर बोकडाच्या मांसाच्या पातळ, मसाला मुरवलेल्या चकत्या भाजायच्या. सहावे निजाम महबूब अली खान शिकारीला गेले आणि सळया घरीच राहिल्या, तेव्हा हा प्रकार निघाला, अशी गोष्ट ते दरवर्षी सांगतात. औरंगाबाद १९४८पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं, त्यामुळे दुल्हेभाई आम्हाला आपल्याच हवेलीची मागची खोली समजतात. "आप लोगां के पास क्या है मियां, खाली मिर्ची!" मी एवढंच म्हणतो की पत्थर का गोश्त लाजवाब आहे, पण ते दावतीचं खाणं. बिनहाडाचं मटण घेऊन रोज संध्याकाळी कोण खाणार?

मामेभाईचा पक्ष जरा भक्कम आहे. बाहेरचे लोक कुलाब्यात ताजच्या मागे बडे मियांकडे धावतात. ती गाडी १९४६ची. पण तो स्वतः नागपाड्याच्या सारवीचं नाव घेतो. या हॉटेलाशी मंटोचं नाव जोडलं जातं, हे तो पुरावा म्हणून सादर करतो, जणू मंटोने निकाल लिहून ठेवलाय. तिथली सीख मी खाल्ली आहे. कोरडी, पुदिन्याच्या वासाची, दाताला किंचित प्रतिकार करणारी. हॉटेलातल्या सीखेत मुंबई आमच्या पुढे आहे, हे मी कबूल करतो.

कारण आमची सीख हॉटेलात शिरली की बिघडते. लाल रंग येतो, वर मलई येते, शेजारी सिमला मिरची येते. टेबलातच शेगडी बसवलेल्या बार्बेक्यू हॉटेलांची फॅशन इकडे वाढली ती गेल्या वीसेक वर्षांत. बार्बेक्यू नेशनचं पहिलं हॉटेल मुंबईत २००६मध्ये निघालं. मुलीच्या वाढदिवसाला अशाच एका ठिकाणी गेलो. डोईमागे ठरलेला दर, टेबलावर छोटा झेंडा, झेंडा उभा असेपर्यंत वेटर सळया आणत राहतो. मुलगी खूश. मी आणि बेगम मात्र पैसे वसूल व्हावेत म्हणून खात होतो, आणि पैसे वसूल करायला बसलेल्या माणसाला चव कळत नाही.

गाडीवर तसं होत नाही. मगरिबनंतर शहागंज, सिटी चौक, रोशन गेटकडे निघा. रमजानमध्ये तर विचारूच नका. गाडीवाला सीख बांधताना बघत उभं राहावं. सळई चौकोनी असते, गोल नाही. गोल सळईवर कीमा फिरतो आणि एकच बाजू भाजते. हात पाण्यात बुडवून कीमा दाबत नेतात. कच्ची पपई मोजून घालायची, जास्त झाली तर कीम्याचा लगदा होऊन निखाऱ्यात गळतो. चरबी मात्र हवीच. ती वितळून निखाऱ्यावर पडते, धूर उठतो, आणि तोच धूर पुन्हा मांसात शिरतो. सीखेचा निम्मा मसाला हा धूर आहे. बी.एड.च्या वर्षी चार सीख आणि एक रोटी यावर माझी कितीतरी रात्रीची जेवणं झाली. शेजारी हमाल, रिक्षावाले, मेकॅनिकची पोरं. सीख मुळात त्यांचीच. निबर, स्वस्त मांस बारीक करून मऊ करण्याची ती युक्ती आहे.

आमच्याकडे मांस दोन प्रकारचं, बडे का आणि छोटे का. छोटे म्हणजे बोकड. बडे म्हणजे काय, हे २०१५मध्ये बदललं. गायीच्या कत्तलीला राज्यात १९७६च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्यात आले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उरली म्हैस. म्हशीचं मांस गडद, धागा जाड. कारागिरांनी कीमा जास्त वेळा फिरवला, चरबीचं प्रमाण बदललं, आणि दोन-तीन वर्षांत सीख पुन्हा जागेवर आणली. याबद्दल कुणी त्यांचा सत्कार केला नाही. लखनौलाही २०१७च्या मार्चमध्ये कत्तलखान्यांवर कारवाई झाली, तेव्हा टुंडेंना म्हशीचं मांस मिळेना, दुकान एक दिवस बंद राहिलं आणि मग कोंबडी-बोकडावर भागवावं लागलं.

बदललेल्या मांसाची सवय जिभेला झाली. शब्दाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो. एकदा दोन्हींत "माझे वडील" हाच विषय दिला. एका मुलाने उर्दूत लिहिलं की अब्बा सीख कबाबची गाडी लावतात, हात भाजतात, तरी ईदला सगळ्यांत आधी गल्लीतल्या लेकरांना खाऊ घालतात. सुंदर निबंध. मराठीच्या वहीत त्याच मुलाने लिहिलं होतं, "माझे वडील हॉटेल व्यवसाय करतात." व्याकरण निर्दोष होतं. मी त्याला विचारलं, गाडी का नाही लिहिली? तो म्हणाला, "सर, मराठी की कॉपी दूसरे सर भी देखते ना."

ते दुसरे सर माझे मित्र. माणूस दिलदार, मंगळवार-गुरुवार-शनिवार सोडले तर मटणाचा शौकीन. माझ्याबरोबर गाडीवर येतात, चिकनची सीख मागवतात आणि हळूच विचारतात, "सर, ती दुसरी कशाची असते हो?" मी म्हणतो, म्हशीची. ते म्हणतात, "नक्की?" पूर्वी ते "कशी लागते?" असं विचारत असत.

खरं तर निखाऱ्याशी मराठवाड्यात कुणाचं वैर नाही. आमच्या भागात थंडीत शेतावर आगटी पेटते, ज्वारीचा हुरडा भाजतात आणि त्याला गावातल्या सगळ्या जातीधर्मांची माणसं जमतात. शाहू पाटोळे यांचं "अन्न हे अपूर्णब्रह्म" २०१५मध्येच आलं, कायदा आला त्याच वर्षी. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या मांसाच्या वाळवलेल्या चान्यांबद्दल त्यांनी मराठीत, आडपडदा न ठेवता लिहिलं. त्या मुलाने "हॉटेल व्यवसाय" लिहिलं तेव्हा मला ते पुस्तक आठवलं.

२०२५च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरैशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. म्हशी घेऊन जाणाऱ्या गाड्याही अडवल्या जातात, माणसांना मारहाण होते, ही त्यांची तक्रार. बाजारात शेतकऱ्यांची भाकड जनावरं गिऱ्हाइकावाचून उभी राहिली. जिथे बडे का मिळेनासं झालं, तिथे गाडीवर चिकनच्या सळया लागल्या. चिकनची सीख वाईट नसते, पण तिच्यात चरबी कमी, म्हणून धूर कमी.

तर माझा निकाल असा. दगडावर हैदराबाद. हॉटेलात मुंबई. रस्त्यावर औरंगाबाद, आणि त्यावर अपील नाही. दुल्हेभाई हा निकाल मानत नाहीत. पुढच्या उर्साला लादीच घेऊन येतो म्हणालेत. घेऊन या म्हटलं, कोळसा आमचा.

त्या मुलाच्या वहीत मी शेरा लिहिला नाही, गुण पूर्ण दिले. मात्र पुढच्या चाचणीत विषय ठेवलाय: "आमच्या गल्लीतली संध्याकाळ." आणि या खेपेला मराठीच्या वह्या सगळ्यांच्या मीच तपासणार आहे.