आठ कोनांचं घड्याळ

चावीचं घड्याळ कधी आतून पाहिलंय? नसेल तर घरातल्या कपाटात, जुन्या डब्यांत शोधा. एखादं नक्की सापडेल. मागचं झाकण निघालं की एक चाक डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाताना दिसतं. त्याच्या पोटात केसाइतकी बारीक कमान असते, तिचं नावच बाल कमानी. ती आत-बाहेर होते आणि वाटतं, हे यंत्र श्वास घेतंय की काय!

आमच्या घरी असं घड्याळ होतं ते आजोबांचं. एचएमटीचं 'जनता'. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. आजोबांनी आपलं घड्याळ 1974 मधे घेतलं, पहिली पगारवाढ झाली तेव्हा. पुढे ते स्कूटरवरून पडले. हाताला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण घड्याळाची काच फुटली, केस चेपली, पट्टा अडकवायचा एक कान तुटला. तेव्हापासून ते रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटात. एचएमटीची घड्याळांची कंपनीही 2016 साली बंद झाली. गंमत म्हणजे आजोबांच्या घड्याळाला चावी दिली की ते चालायचं!

आता दुसऱ्या टोकाचं घड्याळ पाहा. गेल्या वर्षी एका मासिकात मी 'रॉयल ओक'चा फोटो पाहिला. ओदमार पिगे या स्विस कंपनीचं हे घड्याळ 1972 मधे आलं. जेराल्ड जेंटा नावाच्या माणसाने त्याचं चित्र एका रात्रीत काढलं होतं म्हणतात. पाणबुड्यांच्या शिरस्त्राणाला काच जशी बोल्टांनी आवळलेली असते, तशी याची काचेभोवतीची कडी आठ कोनांची आणि तिच्यावर आठ स्क्रू. घड्याळ साध्या पोलादाचं, तरी कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग! आज त्याच्या किमतीत चांगली मोटार येते. म्हणजे आपण फक्त फोटोच बघायचा.

पण माझ्या डोक्यात ते आठ कोन बसले. मशीन (घड्याळजी आतल्या यंत्राला मशीनच म्हणतात) तर घरात होतं. केस करता आली तर?

आजोबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घेऊन जा. पण बंद पडलं, तर मला येऊन सांगू नकोस." त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

माझा मामा चिकलठाणा एमआयडीसीत लेथवर काम करतो. रविवारी शेठची परवानगी घेऊन त्याने पोलादाचा गोल गज लेथला लावला. मशीनचं माप घ्यायला तो तीनदा व्हर्नियर लावून बसला. "तुझा आजा आहे तसा माझा कुणी नाही का रे? ताईचा सासरा आहे तो. बिघडलं तर मला दारात उभं करणार नाही," असं म्हणत म्हणत त्याने 38 मिलिमीटरची केस उतरवली. आठ कोन मात्र कानशीने घासून मी काढले. चार रविवार गेले. बोटांची सालं निघाली ती वेगळी.

स्क्रूंपाशी आमची गाडी अडली. रॉयल ओकचा फोटो नीट पाहा. आठही स्क्रूंच्या खाचा एका वर्तुळाच्या रेषेत लागलेल्या असतात. स्क्रू पिळला की खाच कुठे थांबेल ते आपल्या हातात नसतं, मग हे जमतं कसं? तर ते पिळायचे स्क्रू नाहीतच! त्यांची डोकी षटकोनी आणि ती षटकोनी खड्ड्यात बसवलेली, त्यामुळे ती फिरूच शकत नाहीत. आवळायचं ते मागच्या बाजूने. इतके बारीक षटकोनी खड्डे पाडायचं हत्यार मामाकडे नव्हतं. आम्ही चष्म्याचे स्क्रू वापरले. आमच्या घड्याळात आठ खाचा आठ दिशांना तोंड करून आहेत, आणि मला त्या तशाच आवडतात.

पुढचं काम शहागंजात. तिथल्या निजामाच्या काळातल्या घंटाघरापासून जवळच एक चाचा बसतात, पन्नास वर्षांपासून घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मशीन पाहिलं आणि म्हणाले, "इसको कुछ नहीं हुआ बेटा. तेल सूख गया, बस." डायलसाठी मी बिदरी कामाचा हट्ट धरला होता, काळ्या धातूवर चांदी. चाचांनी तो मोडून काढला. ती जस्त-तांब्याची ओतीव वस्तू. डायलला लागते तेवढी पातळ केली तर तुटेल, आणि जाड ठेवली तर काटे वर येऊन काचेला घासतील. म्हणून पितळेचा पातळ पत्रा.

त्यावर नक्षी काय काढायची? माझा चुलतभाऊ म्हणाला, "त्या स्विस कंपनीचं नाव टाक ना! कोण बघतंय?" चाचांनी चिमटा खाली ठेवला. "झूठा नाम हमारी दुकान में नहीं लिखते." विषय संपला.

तेव्हा आठवला आपला बीबी का मकबरा. बाहेरगावचे पाहुणे त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हसतात. ताज पूर्ण संगमरवरी. मकबऱ्याला संगमरवर थोडा आणि बाकी चुन्याचा गिलावा. खर्च 6,68,203 रुपये, असं जुन्या नोंदीत आहे. ताजच्या खर्चापुढे हे काहीच नाही. पण आत डोकावून पाहिलंय का? दिलरस बानूच्या कबरीभोवती संगमरवराची जाळी आहे आणि ती आठ कोनांची आहे! मी इतक्या वेळा तिथे गेलोय, पण कोन कधी मोजले नव्हते. तिची नक्षी कागदावर उतरवली आणि चाचांच्या सुईने पितळेवर कोरली. नाव कुणाचंच नाही.

जुळणीच्या दिवशी माझा घसा कोरडा पडला होता. डायलच्या मागच्या दोन पायांची जागा केसभर चुकली तरी डायल बसत नाही. नवी केस मोठी, म्हणून चावीची दांडी लांब हवी. चाचांनी आपल्या डब्यातली एक काढून घासून बेतली. मग तासकाटा, मिनिटकाटा आणि शेवटी सेकंदकाटा. तो माझ्याकडून बसवून घेतला. मामा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला होता.

चावी दिली. टिकटिक सुरू! हे मशीन सेकंदाला 5 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. पहिल्या दिवशी ते 40 सेकंद पुढे गेलं. चाचांनी आतली बारीक पट्टी किंचित सरकवली. आता रोज दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो.

आजोबांनी ते हातात घेतलं आणि न बघताच कानाला लावलं. मग चष्मा चढवून बराच वेळ डायल न्याहाळला. "जनता कुठे गेलं?" जुना डायल मी काडेपेटीत जपून आणला होता, तो दिला. तो त्याच रुमालात गेला. "जड आहे रे फार," असं कुरकुरत त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं, ते आजतागायत. सकाळी चहाआधी तेच चावी देतात. पाणी आत जाईल म्हणून अंघोळीला काढतात, तेवढ्यात मी पाच मिनिटं घालून घेतो.

पट्टा अजून साधा चामड्याचा आहे. रॉयल ओकसारखा पोलादी पट्टा करायचा तर एकेक कडी वेगळी घासावी लागेल. मामा म्हणतो, "आधी बारावी होऊ दे, मग ये."