वाऱ्याची वाटणी

लातूरहून चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा असा नांदेडला जाणारा सुमारे 140 किलोमीटरचा रस्ता ईशान्येकडे सरकत बालाघाटच्या पठारावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो, आणि आषाढात नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे उतार आणि वारा दोन्ही सायकलस्वाराच्या पाठीशी उभे राहतात. परतीच्या वाटेवर मात्र तेच दोन सोबती समोरून अंगावर येतात. मोकळ्या माळरानावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने थोडा जास्त वेग हवा असला तरी त्याची किंमत भलतीच चढी मोजावी लागते. पुढच्या स्वाराच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर राखून, त्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे मात्र जवळजवळ एक तृतीयांश श्रम वाचतात. रस्त्यावरच्या व्यावसायिक सायकल शर्यतीतले अर्थकारण, त्यातली निष्ठा आणि त्यातला दगा, हे सारे याच आडोशाभोवती फिरते: वारा कोणी अंगावर घ्यायचा आणि कोणासाठी.

म्हणूनच ही शर्यत जिंकणारा एकटा असला तरी ती जिंकतो संघ. सात-आठ जणांच्या संघात नायक एखादाच असतो, आणि बाकीचे मदतनीस त्याच्यापुढे राहून वारा झेलतात, मागच्या मोटारीतून त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून देतात आणि या कामाचा पगार घेतात. दुसऱ्याच्या विजयासाठी राबण्याचा पगार मिळू लागला, तेव्हाच सायकल चालवणे हा पेशा झाला.

अमेरिकेत 1980च्या सुमारास असा पेशा जवळजवळ नव्हताच. 1961 साली कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि नेव्हाडात वाढलेला ग्रेग लेमाँड 1979 मध्ये कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या देशाने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, आणि 1981 मध्ये तो सिरिल गिमार या प्रशिक्षकाच्या रेनॉ संघात पगारी स्वार म्हणून दाखल झाला. कोवळ्या वयात त्याला देश सोडावा लागला तो अमेरिकेत चांगले रस्ते नव्हते म्हणून नव्हे. ज्यांच्या आडोशाने चालावे आणि ज्यांना आडोसा द्यावा अशा माणसांचा पगारी घोळका युरोपात होता म्हणून. 1983 मध्ये तो जगज्जेता झाला, आणि 1985च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे सुमारे तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या या खेळातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत, त्याला पेशाची दुसरी बाजू दिसली. पिरेनीज पर्वतात तो आघाडीवर असताना, पडून नाक मोडलेला त्याच्याच संघाचा नायक बर्नार इनो मागे पडला होता, आणि संघाच्या मोटारीतून लेमाँडला पुढे न रेटण्याचा हुकूम आला. तो त्याने पाळला आणि ती शर्यत 1 मिनिट 42 सेकंदांनी गमावली. पुढच्या वर्षी मदतीचे वचन दिलेल्या इनोने त्याच्यावरच हल्ले चढवले, तरीही 1986 मध्ये टूर जिंकणारा तो पहिला अमेरिकी ठरला.

एप्रिल 1987 मध्ये शिकारीत चुकून सुटलेल्या गोळीचे तीसहून अधिक छर्रे त्याच्या शरीरात कायमचे राहिले. त्यानंतर 1989च्या टूरच्या अखेरच्या दिवशी तो लॉराँ फिन्याँपेक्षा 50 सेकंद मागे होता, आणि उरला होता व्हर्साय ते पॅरिस हा 24.5 किलोमीटरचा कालमापन टप्पा, ज्यात प्रत्येक स्वार ठरावीक अंतराने एकटा सुटतो आणि कोणाच्या आडोशाला जाता येत नाही. कोपर टेकवून शरीर लांब, अरुंद करता येईल असे जोडहँडल लावून त्याने ती संपूर्ण शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. 1990च्या टूरनंतर त्याचा बहर ओसरला आणि 1994 मध्ये तो निवृत्त झाला. पुढे लान्स आर्मस्ट्राँगची सातही जेतेपदे आणि फ्लॉइड लँडिसचे 2006चे जेतेपद उत्तेजकांपायी रद्द झाल्याने पुरुषांच्या टूरचा अमेरिकी विजेता म्हणून त्याचे एकट्याचेच नाव उरले आहे.

या चरित्राकडे लातूर-नांदेडच्या रस्त्यावरून पाहिले तर एक उणीव नजरेत भरते. खेळाला पोसण्याची रीत या भागाला परकी नाही: याच रस्त्यावरच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे-उंटांच्या बाजाराबरोबर कुस्त्यांचा फड रंगतो, आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढच्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले. पहिलवानाला तालीम, वस्ताद, खुराकाला हातभार लावणारे गाव आणि फडावरचे इनाम हे सगळे लाभते. सायकल गावोगाव आहे. शाळेला, शेताला, दुधाच्या कॅनला ती जुंपलेली आहे. पण तिच्याभोवती तालीम कधी उभी राहिली नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत आला. किताब देखणा आहे यात शंका नाही, पण या राजाला पोटासाठी रेल्वेची किंवा सैन्यदलाची नोकरीच बघावी लागे.

पेशाच्या या अभावामुळेच बहुधा महाराष्ट्रातल्या स्वारांचे सर्वांत गाजलेले पराक्रम, लेमाँड जे शोधत युरोपात गेला त्याच्या नेमके उलट, एकट्यादुकट्याने करायच्या शर्यतीत आणि तेही अमेरिकेत घडले. 1982 मध्ये चार स्वारांनिशी सुरू झालेली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर धावते; तिला टप्पे नाहीत, घड्याळ एकदा सुरू झाले की झोपेचा वेळही हिशेबात धरला जातो, एकट्या स्वाराला साधारण बारा दिवसांची मुदत असते आणि दुसऱ्याच्या आडोशाने जाण्यास मनाई असते. मानेचे स्नायू थकून डोके उचलेनासे होणे हा इथला ओळखीचा आजार. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये आळीपाळीने सायकल चालवत हे अंतर 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत कापले. दोघांचेही पोट दवाखान्यावर, आणि सायकल पदरमोडीची. हे मोठेपण कमी लेखण्याचे कारण नाही, पण ज्याच्या हाती आधीच स्थिर व्यवसाय आहे त्यालाच ही वाट परवडते. लोह्याच्या किंवा चाकूरच्या एखाद्या पोराच्या पायांत तेवढाच दम असला, तरी त्याच्या दमाला पगार देणारा संघ अजून कुठे दिसत नाही.

2017 मध्ये नाशिकला सेवेत असलेले लष्करी वैद्यकीय अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पहिल्याला 11 दिवस 18 तास 45 मिनिटे लागली, दुसऱ्याला 11 दिवस 21 तास 11 मिनिटे. संपूर्ण खंड ओलांडूनही दोघांत अडीच तासांपेक्षा कमी अंतर होते, आणि तेवढ्या वाटेत एकमेकांच्या चाकामागे क्षणभर विसावण्याची मुभा त्या दोघांनाही नव्हती.