कोरा नकाशा

बेळगावात मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्या वयाच्या लोकांना भूगोलाचा कोरा नकाशा आठवत असेलच. १९६७ साली मी हायस्कूलात होतो. बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावं, असं सांगणारा महाजन आयोगाचा अहवाल त्याच वर्षी आला. घराघरात तीच चर्चा, आणि वर्गात म्हैसूर राज्याची सीमा पेन्सिलीने गिरवायची! भिंतीवरच्या जुन्या नकाशात तर आम्ही अजून मुंबई राज्यातच होतो.

आमचे सर एवढंच म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातली सीमा काढा, मार्क घालवू नका. आता नद्या बघा." आणि खानापूर तालुक्यावर बोट ठेवलं. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी म्हणून पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. पाऊस तोच, डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला एवढाच फरक. वर्ग अगदी चिडीचूप.

पुढे मी कॉमर्सला गेलो, पण बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर सरांचा पर्जन्यछायेचा धडाच कामी आला. खानापूरचा भातवाला आणि अथणीचा ज्वारीवाला, जिल्हा एक, पाऊस किती वेगळा! मी शेऱ्यात पाऊसमान लिहायचो, साहेब हसायचे.

हल्ली म्हादईच्या भांडणाची बातमी लागली की नातवाला मोबाईलवर आधी कणकुंबी शोधायला लावतो.

तुमच्या वर्गात भिंतीवर कुठला नकाशा होता हो?