आडनावातील एक अक्षर

मिसरोद हे एके काळी भोपाळबाहेरचे खेडे होते; आता ते शहराच्या पोटात गेले आहे. नर्मदापुरमच्या, म्हणजे जुन्या होशंगाबादच्या, रस्त्यालगत आमचे लहानसे घर आहे. आम्ही मूळचे वसईचे. भेलच्या कारखान्यात, भांडार विभागात, माझी सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर गावी परतण्याऐवजी आम्ही येथेच राहिलो. हे सांगण्याचे कारण एवढेच की कागद, नोंदवही आणि शिक्का यांच्याशी माझा अडतीस वर्षांचा परिचय आहे, आणि त्या परिचयाचा मला थोडाफार अभिमानही होता.

सन २०२४ च्या मार्च महिन्यात, पुनरुत्थानाच्या सणाच्या थोडे आधी, आमच्या मुलीला कन्यारत्न झाले. मुलगी आणि जावई व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह नगरात, म्हणजे जुन्या सायगावात, राहतात. बाळाचा स्नानसंस्कार रविवार, ५ मे रोजी ठरला आणि धर्ममाता म्हणून मुलीने आपल्या आईचेच नाव दिले. माझ्या पत्नीने त्याच दिवशी पेटी उघडली. एकतीस वर्षांपूर्वी तिने स्वतः शिवलेला, मुलीच्या स्नानसंस्काराचा पांढरा झगा डांबरगोळ्यांच्या वासात जपून ठेवलेला होता. तो तिने दोनदा धुतला, उन्हात वाळविला आणि आपल्या बॅगेत सर्वांत वर ठेवला. तिकिटे तोवर काढलीही नव्हती!

परदेशी जावयाचे म्हणजे दोन कागद लागतात. पासपोर्ट हा आपल्या सरकारने दिलेली ओळख होय. व्हिसा म्हणजे ज्याच्या दारी जावयाचे त्या यजमानाचा होकार. पूर्वी हा होकार मिळविण्यासाठी दिल्लीच्या दूतावासाचे किंवा मुंबईच्या वकिलातीचे दार ठोठवावे लागे. आता व्हिएतनामचा प्रवासी व्हिसा घरबसल्या संगणकावर मागता येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदतही तीस दिवसांवरून नव्वद दिवसांपर्यंत वाढविलेली आहे. एकदा प्रवेश करण्याचे शुल्क पंचवीस डॉलर, त्या वेळच्या भावाने सुमारे २,१०० रुपये. अर्ज नामंजूर झाला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

शेजारचा एक होतकरू तरुण म्हणाला, "अंकल, एजंटला द्या, तो सारे करील." त्याने दाखविलेल्या संकेतस्थळावर व्हिएतनामचा ध्वज होता, सोनेरी तारा होता, सारे कसे सरकारी दिसत होते, शुल्क मात्र दोघांचे मिळून अकरा हजार! मुलीने दूरध्वनीवर बजावले, "बाबा, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' ही अक्षरे असतील तरच ते सरकारचे. बाकी सारे दलाल." ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासले, त्याने दलालाला पैसे का द्यावेत? मी स्वतःच अर्ज भरावयास बसलो.

अर्ज कठीण नव्हता. चष्मा काढून, समोर पाहत काढलेले छायाचित्र, पासपोर्टच्या मुख्य पानाची प्रत, कोणत्या विमानतळावर उतरणार आणि कोठून परतणार, तेथील मुक्कामाचा पत्ता. एका रकान्यात धर्म विचारला होता. पत्नी मागे उभी होती. साम्यवादी राज्य आहे, लिहावे की नको, असे तिने विचारले. मी म्हटले, त्या देशात सुमारे सत्तर लाख कॅथलिक आहेत. तेथील ११७ हुतात्म्यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये संतपद दिले. आपण आपला धर्म का झाकावा? मोठ्या ऐटीने तो रकाना भरला. घात झाला तो दुसऱ्याच रकान्यात.

आमचे आडनाव पोर्तुगीज वळणाचे आहे. मराठीत लिहिताना त्याच्या शेवटी 'स' येतो आणि त्यात कोणाचा मतभेद नाही. इंग्रजीत मात्र कोणी शेवटी 'एस' लिहितो, कोणी 'झेड'. डायस, लोपीस अशी आडनावे लावणाऱ्या वाचकांना हे सांगावयास नको. एकाच घरातील दोन भावांची स्पेलिंगे निराळी असलेली आपण पाहतो. माझ्या नोकरीच्या कागदांत 'एस', म्हणून माझ्या पासपोर्टवर 'एस'. पत्नीच्या लग्नानंतरच्या कागदांत पहिल्याच लिहिणाऱ्याने 'झेड' लिहिले. ते तिच्या आधार कार्डात उतरले आणि तेथून पासपोर्टमध्ये. एकेचाळीस वर्षे आम्ही एका छपराखाली दोन आडनावांनी नांदलो आणि त्याने कोणाचेही बिघडले नाही. मी तिचा अर्ज भरताना पासपोर्ट समोर उघडा होता. पण आपलेच आडनाव कोण पाहून लिहितो? हाताने सवयीने 'एस' लिहिले.

व्हिसे १९ एप्रिलला आले. मी ते पाहिले, समाधान पावलो आणि ठेवून दिले. २४ तारखेच्या रात्री छापील प्रती पासपोर्टांशेजारी ठेवताना माझी नजर तिच्या पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळींवर गेली. यंत्राने वाचावयाच्या त्या ओळींत नाव सलग मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तेथे 'झेड' होता. व्हिसावर 'एस'.

जावयाने चौकशी करून कळविले की असा कागद घेऊन विमानतळावर जाण्यात अर्थ नाही. व्हिसातील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळत नसेल तर मुंबईसच अडवितील. दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार करण्यापेक्षा नवा अर्ज करावा आणि पुन्हा पंचवीस डॉलर भरावेत. रात्री अकरा वाजता मी तो अर्ज केला. या वेळी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवले. निकालास कामाचे तीन दिवस लागतात. गुरुवार, शुक्रवार आणि मग सोमवार, असा मी हिशेब केला. विमान २ मेच्या रात्री उशिरा होते. वेळ पुरेसा वाटला आणि मी पत्नीला काहीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीकडून कळले की ३० एप्रिल हा त्यांच्याकडे मोठा दिवस. १९७५ मध्ये त्या दिवशी सायगावात युद्ध संपले. दुसऱ्या दिवशी कामगार दिन. त्या वर्षी सरकारने मधल्या सोमवारचीही सुटी देऊन २७ एप्रिल ते १ मे अशी सलग पाच दिवस कचेऱ्या बंद ठेवल्या होत्या. सुट्यांच्या बाबतीत आपलाच देश पुढे, असा माझा समज होता! म्हणजे कामाचा तिसरा दिवस २ मे, आमच्या प्रयाणाचाच दिवस.

आता सांगणे भाग होते. स्वयंपाकघरात ती डिंकाचे लाडू वळीत होती. मी सारे सांगितले. रात्रभर लपविले हेही सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने लाडू पुरे केले, हात धुतले, खोलीत गेली. थोड्या वेळाने मी पाहिले तो तिच्या बॅगेतील पांढरा झगा माझ्या बॅगेत ठेवलेला होता, कागदात नीट गुंडाळून.

"तुम्ही तरी पोहोचा," ती म्हणाली. "बाळाने उघड्या अंगाने का जावे?"

पुढील सहा दिवस आमच्या घरी व्हिसाचे नाव निघाले नाही. मी दिवसातून कितीदा तो अर्जाचा क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख संगणकात घालून पाहिली, याचा हिशेब नाही. उत्तर एकच: विचाराधीन.

१ मेच्या संध्याकाळी आम्ही दोघेही भोपाळहून पंजाब मेलने निघालो. तिला घेऊन निघावे की नाही, यावर थोडा वाद झाला. अखेर "वसईपर्यंत तरी येते, भावाला भेटून परत फिरेन," असे तिनेच म्हटले. ७ मे रोजी भोपाळचे मतदान होते, ते चुकणार याची बोच मला होती. पण त्या रात्री ती फार टोचली नाही. गाडीत झोप येईना. संत फ्रान्सिस झेवियर यांची आठवण झाली. आमच्या वसईतही ते येऊन गेलेले. १५५२ मध्ये चीनला जाण्यासाठी ते मलाक्कास पोहोचले, तेव्हा तेथील पोर्तुगीज कप्तान दों आल्वारो द आताईद याने त्यांच्या चीनच्या शिष्टमंडळाला अडविले. झेवियर पुढे गेले, पण त्यांना चीनच्या भूमीवर पाऊल टाकण्याची परवानगी मिळाली नाही. किनाऱ्यासमोरच्या सांचियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. संताला अडविणारा निदान कोणी कप्तान होता. माझ्या पत्नीला अडविणारा तिचा नवरा!

२ मे रोजी सकाळी आम्ही तिच्या भावाच्या घरी होतो. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तेथील कचेरी पाचाला बंद होते असे धरले, तर आपल्याकडे साडेतीनपर्यंतच आशा. जेवणे झाली. मेव्हणा आमच्यासमोर मुद्दाम आंब्याच्या कलमांविषयी बोलत राहिला. दोन वाजून काही मिनिटांनी मी पुन्हा क्रमांक घातला आणि उत्तर बदललेले दिसले.

मी कागद छापून आणला, पण वाचला नाही; तिच्या हाती दिला. तिने चष्मा लावला, पासपोर्ट उघडला आणि एकेक अक्षर बोटाने जुळवीत गेली. शेवटच्या अक्षरापाशी ती क्षणभर थांबली. मग उठून माझ्या बॅगेतून झगा काढला आणि आपल्या बॅगेत ठेवला.

सायगावच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिले, कागदाकडे एकदा, आणि शिक्का मारला. अर्धे मिनिटही लागले नाही.

स्नानसंस्कारानंतर धर्मग्रामाच्या कचेरीत नोंद करावयाची होती. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात. सतराव्या शतकात येशूसंघाच्या मिशनऱ्यांनी ती लिपी घडविली आणि फादर आलेक्झांडर द ऱ्होड यांचा त्या भाषेचा शब्दकोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. परंतु त्यांच्या वर्णमालेत 'झेड' हे अक्षरच नाही. नोंद करणाऱ्या वृद्ध गृहस्थाने जावयाकरवी धर्ममातेचे आडनाव विचारले, शेवटपर्यंत लिहीत आला आणि लेखणी उचलून प्रश्नार्थक पाहू लागला. मी सांगण्यासाठी तोंड उघडले.

"तुम्ही थांबा," पत्नी म्हणाली. तिने बाळाला माझ्या हाती दिले, त्याच्याकडून लेखणी मागून घेतली आणि ते शेवटचे अक्षर स्वतः लिहिले.