आयसोलेशन

हा शब्द मी प्रथम शिकलो तो सँड मॉडेलसमोर. हल्ल्याआधी शत्रूचं ठाणं एकटं पाडायचं. त्याची कुमक, रसद आणि माघारीची वाट तोडायची. 1999 च्या जुलैत टायगर हिलवर हेच झालं. 18 ग्रेनेडियर्स माथ्यावर झुंजत असताना 8 शीखने पश्चिमेच्या धारेवरचे हेल्मेट आणि इंडिया गेट हे उंचवटे घेतले, आणि वरच्या शत्रूची मागची वाट तुटली.

पोस्टवरचा आमचा इलेक्ट्रिशियन हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरायचा. जनरेटरच्या लाइनला हात लावण्याआधी तो आयसोलेटर खाली ओढायचा. त्याच्यासाठी आयसोलेशन म्हणजे सुरक्षितता.

2004 सालच्या हिवाळ्यात मी कॅप्टन होतो. उत्तर काश्मीरमधली पोस्ट, आम्ही बावीस जण, वाट बर्फाने बंद. एका रात्री रेडिओवर निरोप आला. बीडकडच्या एका जवानाचे वडील गेले होते. हवामान इतकं खराब की हेलिकॉप्टर येणं शक्यच नव्हतं. मी त्याची संतरी ड्युटी काढून घेतली आणि त्याला कोपऱ्यातला बंकर दिला. वाटलं, पोराला एकांत हवा असेल.

तिसऱ्या दिवशी सुभेदार साहेब आले. म्हणाले, "साहेब, तुम्ही त्याला एकांत दिलाय. पण पोरगं एकटं पडलंय. त्याला कामाला लावा."

त्या संध्याकाळी त्याला लंगरमध्ये कणीक मळायला बसवलं. मळता मळता तो ढसाढसा रडला. कुणी काही बोललं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून ड्युटी मागितली.

मराठीत एकांत आणि एकटेपणा हे दोन शब्द आहेत. दोन्ही लहानपणापासून माहीत असून मी त्यांची गल्लत केली होती.

2020 मध्ये त्याच पलटणीचा सीओ असताना मी सुट्टीवरून परतलो आणि चौदा दिवस विलगीकरणात गेलो. एक खोली, दाराबाहेर ठेवलेलं ताट. पहिल्याच संध्याकाळी खिडकीपासून दहा पावलांवर एक हवालदार येऊन उभा राहिला. तोच, बीडचा.

"राम राम, साहेब. आजचा रिपोर्ट."

रिपोर्ट मला फोनवर आधीच मिळाला होता. तरी मी तो पूर्ण ऐकून घेतला. चौदाही दिवस तो आला.