सोळा अक्षरांचा कारभार

२००३ साली लॉजिटेक कंपनीने ‘डायनोव्हो मीडिया डेस्कटॉप’ या नावाचा जो ब्लूटूथ संच बाजारात आणला, त्यात कळफलकाचा अंकांचा भाग मूळ देहापासून विलग करून त्याला ‘मीडियापॅड’ हे स्वतंत्र नाव व स्वतंत्र अस्तित्व दिलेले होते, आणि या बिनतारी कीपॅडच्या माथ्यावर एक चिमुकला एलसीडी पडदा बसविलेला होता. त्यावर घड्याळ दिसे, गणकयंत्राचे उत्तर उमटे, चालू गाण्याचे शीर्षक वा नव्या टपालाची वर्दी येई. मात्र शीर्षके आणि वर्दी ही संगणकाकडून यावयाची आणि ती धाडणारी प्रणाली विंडोजसाठी लिहिलेली, म्हणून लिनक्सच्या मुलखात कळा निमूटपणे चाकरी बजावीत आणि पडदा तेवढा मौन धरून बसे. असल्या मौन यंत्रांना बोलते करणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की, यंत्राची बोली शिकणे हा या कामाचा लहान भाग असून, त्या यंत्राशी बोलण्याचा अधिकार कोणाला असावा हे ठरविणे हाच त्याचा मोठा भाग होय.

कळा चालतात आणि पडदा चालत नाही, याचे कारण मानकांत आहे. यूएसबीच्या ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस’ या मानकानुसार प्रत्येक उपकरण जोडणीच्या वेळी आपले वर्णनपत्र सादर करते: माझ्या अमुक बाइटमध्ये कळा, तमुक बाइटमध्ये दिवे. ब्लूटूथनेही हीच वहिवाट उचलली. या मानकाच्या कोष्टकांत अक्षरदर्शक पडद्यांसाठीही एक स्वतंत्र पान राखून ठेवलेले आहे, पण उत्पादकांनी त्याची फारशी पत्रास ठेवलेली नाही. पडद्याचा व्यवहार ते बहुधा ‘विक्रेत्याची स्वतःची व्याख्या’ या सदराखाली टाकतात आणि त्या सदराचा खुलासा वर्णनपत्रात कोठेही नसतो.

शिवाय संचासोबतचा डोंगल दुरंगी. संगणक सुरू होताना तो साध्या यूएसबी कळफलकाचे सोंग घेतो, कारण त्या क्षणी ब्लूटूथ जाणणारा कोणीच जागा नसतो. पुढे ‘हिड टू एचसीआय’ या लहानशा साधनाने हुकूम केला की तो सोंग टाकून ब्लूटूथचा खराखुरा अडॅप्टर बनतो. अभ्यासकाला दोन्ही रूपे उपयोगी पडतात. पहिल्या रूपात यूएसबीच्या तारेवरची सारी ये-जा कर्नलमधील ‘यूएसबीमॉन’ टिपून घेतो; दुसऱ्या रूपात १७ आणि १९ या क्रमांकांच्या दोन वाहिन्या उघड होतात, पैकी पहिली नियंत्रणाची व दुसरी प्रत्यक्ष वाहतुकीची.

निरीक्षणाची रीत कंटाळवाणी आहे आणि ती कंटाळवाणीच असली पाहिजे. आभासी यंत्रात विंडोज चालवावे, तिच्या प्रणालीकडून पडद्यावर केवळ रोमन ‘ए’ची रांग लिहवून घ्यावी, मग ‘बी’ची, टिपणांत जेथे षोडशमान पद्धतीतील ४१ चे ४२ झाले असेल, तेथे मजकूर आहे एवढे निश्चित होते. त्यानंतर ओळ बदलावी आणि मजकूर तोच ठेवावा. जो बाइट हलला तो ओळीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा हा शिरस्ता ज्याला सांभाळवत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. लॉजिटेकच्या उपकरणांची जी खासगी बोली ‘हिड प्लस प्लस’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात आखूड संदेश ७ बाइटांचा आणि लांब संदेश २० बाइटांचा असतो. लांब संदेशातले पहिले चार बाइट पत्ता व हुकूम यांत खर्ची पडतात आणि मजकुरासाठी उरतात १६. पुढे कंपनीने या बोलीचे काही दस्तऐवज उघड केले, आणि आज तिच्या अनेक उपकरणांसाठी कर्नलमध्येच रीतसर ड्रायव्हर आहे.

हे सारे कायद्याला धरून आहे काय, असे मला वारंवार विचारण्यात येते. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात, प्रणाली कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे अशा माणसाला, स्वतंत्रपणे रचलेल्या दुसऱ्या प्रणालीशी तिचा मेळ घालण्यासाठी अत्यावश्यक असलेली आणि अन्यथा सहज उपलब्ध नसलेली माहिती मिळविण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. आपल्याकडील तंत्रज्ञांना ती ठाऊक नसते आणि वकिलांना तिचा उपयोग ठाऊक नसतो.

आता अधिकाराचा प्रश्न. बोली उलगडल्यावर नवशिक्याची पहिली ऊर्मी अशी असते की, गाणी वाजविणाऱ्या प्रणालीने थेट पडद्यावर लिहावे. २००८ च्या आरंभी आलेल्या कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीपासून ‘हिडरॉ’ ही सोय झाल्याने ते तांत्रिकदृष्ट्या सुलभही आहे. एक फाइल उघडावी आणि बाइट ओतावे. परंतु त्याच फाइलीतून त्या कीपॅडवर दाबलेली प्रत्येक कळ वाचताही येते, आणि अंकांच्या कळांवर लोक काय टंकतात हे निराळे सांगावयास नको. पडद्यावर गाण्याचे नाव झळकावे एवढ्या क्षुल्लक हेतूसाठी वाटेल त्या प्रणालीला त्या फाइलीची परवानगी बहाल करणे, म्हणजे बँकेचा गुप्तांक तिच्या हवाली करणे होय. म्हणून परवानगी एकाच सेवेला असावी आणि इतरांनी तिच्याकडे अर्ज करावेत.

अशी सेवा ‘एलसीडीप्रॉक’ या नावाने फार पूर्वीपासून अस्तित्वात आहे. १३६६६ या पोर्टवर ती कान देऊन बसते. अर्जदार प्रणाली प्रथम ‘हॅलो’ म्हणते, सेवा तिला पडद्याची रुंदी-उंची कळविते, मग अर्जदार आपला मजकूर प्राधान्याच्या श्रेणीसह दाखल करतो, आणि मामलेदार कचेरीतील बारनिशी कारकुनाप्रमाणे ती सेवा कोणाचा कागद आधी वर जावा हे ठरविते. टपालाची तातडीची वर्दी गाण्याच्या नावाला बाजूस सारते, आणि कोणाचेच काही नसेल तेव्हा पार्श्वभूमीवरचा मजकूर येतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला येथे आरंभ करणे, अक्षरे मांडणे, पडद्याकडे रवाना करणे आणि समाप्ती करणे अशी मोजकीच कार्ये पुरवावी लागतात. समाप्तीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात; परिणामी सेवा बंद पडल्यावरही कालचे गाणे पडद्यावर तसेच राहते. माझ्या मते पडदा पुन्हा घड्याळाच्या स्वाधीन करीपर्यंत ड्रायव्हर पुरा झालेला नसतो.

कर्नलमध्ये किती असावे आणि बाहेर किती, याबद्दल मतभेद आहेत. २०१० साली कर्नलात आलेल्या ‘पिकोएलसीडी’च्या ड्रायव्हरने २५६ गुणिले ६४ ठिपक्यांचा पडदा थेट चित्रपटल म्हणून सादर केला, उलट लॉजिटेकच्याच ‘जी१५’ कळफलकाच्या कर्नलमधील ड्रायव्हरने कळा आणि दिवे यांचीच जबाबदारी पत्करून १६० गुणिले ४३ ठिपक्यांचा पडदा बाहेरच्या सेवेकडे सोपविला. माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. बिनतारी उपकरणाच्या बाबतीत तर तो अधिकच ठाम आहे, कारण चित्रपटल म्हटले की लिहिणारा सेकंदाला वाटेल तितक्या वेळा लिहितो, आणि येथे प्रत्येक संदेशाची किंमत बॅटरी मोजते. ब्लूटूथमध्ये ‘स्निफ’ नावाची अर्धनिद्रेची अवस्था आहे. तीत उपकरण ठराविक अंतराने क्षणभर कान उघडते. सरकत्या मजकुराने त्याला सतत जागे ठेवणाऱ्या ड्रायव्हरला मी सदोष म्हणेन, मग तो कितीही सुबक लिहिलेला असो. पडद्यावर आधीचाच मजकूर असेल, तर तो पुन्हा धाडू नये. बदल असेल, तर बदललेली ओळच धाडावी. एवढे दोन नियमही बरेच काम भागवितात.

राहता राहिली आपली लिपी. भावगीताचे शीर्षक देवनागरीत असले की असल्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून १६ बाइटांत ‘मुंबई’ १५ बाइटांनिशी कशीबशी मावते आणि ‘नागपूर’ला १८ लागतात, आणि मावूनही उपयोग नाही, कारण पडद्याच्या स्मृतीत ती अक्षरेच नाहीत. हिताचीच्या सुप्रसिद्ध ‘एचडी४४७८०’ नियंत्रकात वापरणाऱ्याने स्वतः घडविण्याजोगी आठ चिन्हे असतात, परंतु ५ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीत शिरोरेखा, वरची मात्रा आणि खालचा उकार यांना जागा दिल्यावर अक्षराच्या देहाला तीन-चार ओळीच उरतात, आणि जोडाक्षराचा तर विचारच नको. यावर ड्रायव्हरनेच रोमन लिप्यंतर करावे अशी सूचना अधूनमधून येते. मी ती मान्य करीत नाही. लिप्यंतर मराठीला एक आणि हिंदीला दुसरे लागते, ‘राम’च्या शेवटी ‘ए’ लिहावा की नाही हा वाद ड्रायव्हरच्या पदरात घालणे गैर आहे, आणि गाण्याची भाषा कोणती हे ठाऊक असलेच तर ते गाणी वाजविणाऱ्या प्रणालीला. लिप्यंतर तिनेच करावे. ‘जी१५’सारखा ठिपक्यांचा पडदा असेल, तेथे मात्र अक्षरजुळणी करणाऱ्या नेहमीच्या ग्रंथालयांकडून मजकुराचे चित्र तयार करून घ्यावे, ४३ ठिपक्यांच्या उंचीत देवनागरीच्या दोन ओळी वाचनीय बसतात, आणि तिसरीचा मोह धरला की उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.