वालूरची बारव आणि सत्तावीस श्वास

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळील नेमगिरी क्षेत्री आपल्या समाजातील अनेक कुटुंबे दर्शनास जातात. तेथील लेण्यांच्या ठेंगण्या द्वारांतून वाकूनच आत जावे लागते. या यात्रेत दहावी-बारावीची मुले सोबत असतील, तर शेजारच्या सेलू तालुक्यातील वालूर येथेही जावे. तेथील दगडी बारव मुलांना अवश्य दाखवावी.

पुष्कळ बारवांत पायऱ्या सरळ पाण्याकडे उतरतात. वालूरच्या या बारवेत त्या चक्राकार वळण घेत खाली जातात. त्यामुळे येथे धावत उतरता येत नाही. पायरीवर दृष्टी ठेवून सावकाश जावे लागते. काही वर्षांपूर्वी ही बारव गाळाने आणि झुडपांनी झाकली गेली होती. ग्रामस्थांनी श्रमदानाने ती मोकळी केली. त्यांनी नवे काही बांधले नाही. साचलेले तेवढे दूर केले.

परीक्षार्थी मुलाच्या मनाचेही असेच असते. नीट परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात. तिच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला राहणारी मुले दिवसाचे कितीतरी तास पुस्तकासमोर असतात. विश्रांती म्हणून मोबाईल हाती घेतला, तर डोळे आणि मन दोन्ही कामालाच जुंपलेले राहतात. अशा वेळी थोडे थांबणे आवश्यक असते आणि त्याची रीत आपल्याच घरात आहे.

सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. अभ्यासाच्या दिवसांत तेवढा वेळ रोज निघेलच असे नाही. परंतु दिगंबर परंपरेतील लघु कायोत्सर्ग फार थोड्या वेळाचा आहे. देहाचे ममत्व सोडून निश्चल राहावयाचे आणि नऊ वेळा णमोकार मंत्र मनात म्हणावयाचा. पहिल्या श्वासोच्छ्वासात दोन पदे, दुसऱ्यात पुढील दोन, तिसऱ्यात शेवटचे पद. नऊ त्रिक सत्तावीस श्वास. सावकाश घेतले तरी साधारण तीन मिनिटे. श्वास सोडताना किंचित अधिक वेळ घ्यावा. त्याने हृदयाची गती मंदावते. श्वेतांबर तेरापंथात १९७५ पासून रुजलेल्या प्रेक्षाध्यानातही श्वास आणि कायोत्सर्ग यांनाच महत्त्व आहे. राज्यातील शाळांतून राबविलेल्या ‘मित्र’ उपक्रमातही श्वासाकडे लक्ष देण्याचाच, म्हणजे आनापानाचा, सराव होता.

तासाभराच्या अभ्यासानंतर पुस्तक मिटावे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हे सत्तावीस श्वास घ्यावेत. घरातील वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ गुणांची चौकशी करू नये. शक्य असल्यास त्यांनीही दुकानाच्या गादीवर असेच बसावे, कारण मुले उपदेशापेक्षा आचरण लवकर उचलतात. आपण व्यापारी माणसे प्रत्येक मिनिटाचा हिशेब मांडतो. ही तीन मिनिटे खर्चाच्या बाजूला लिहू नयेत.

मात्र मूल जेवेनासे झाले, झोप उडाली किंवा जगण्याविषयी निराश बोलू लागले, तर केवळ जपावर विसंबू नये. त्याला जवळ बसवून ऐकून घ्यावे आणि तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. गुण पुढच्या वर्षीही मिळविता येतात. आपले मूल मात्र सुखरूप राहिले पाहिजे.